गिरजाबाईने धुऊ न दिलेला ट्रॅक्टर

गिरजाबाई,

तुझ्यावर लिहायला बसले आहे. तू असतीस तर म्हणाली असतीस, "बाई, दुसरी कामं नायत काय तुमाला?" आता तू नाहीस, तेव्हा मला अडवायलाही कोणी नाही. ट्रॅक्टरचं सगळं लिहिणार आहे. लोकांना सांगायचं म्हणजे तुला 'ती' म्हणावं लागेल, तेवढं चालवून घे.

तर गिरजाबाई रोह्याच्या आतल्या अंगाच्या गावातली. नवरा गुणाजी भात लावायचा, वाल पेरायचा आणि उरलेला वेळ गप्प बसायचा. बोलण्याचं काम हिच्याकडे. दिवाळी झाली की बायकांची टोळी घेऊन ती डोंगरउतारावरच्या वरकस जमिनींतलं गवत कापायची. ते गवत मुंबईच्या तबेल्यांत म्हशींना जायचं. ट्रक यायचा तो डांबरी सडकेपर्यंतच. माळावरून सडकेपर्यंतचा प्रवास बायकांच्या डोक्यावरून. टोळीत धड मान एकीचीही उरली नव्हती. हाक मारली की अख्ख्या वळायच्या.

एका पावसाळ्यात बचत गटाच्या बैठकीत गिरजाबाईने सांगून टाकलं, "यंदा भारा डोक्यावरून न्यायचा नाय. गटाचा ट्रॅक्टर घ्यायचा, जुना."

"नि तो बिघडला म्हंजे गो?" मैनाने विचारलं. मैना टोळीत सगळ्यांत तरुण आणि सगळ्यांत तोंडाळ.

"बिघडायचा नाय. मी बघून घेनार."

झालं. गटाची सगळी शिल्लक आणि बायकांच्या माना, दोन्ही तिच्या बघण्यावर आल्या.

मैनाचा नवरा पोपट डोलवीला कंत्राटदाराकडे गाडी चालवायचा, म्हणून त्याला बरोबर घेतलं. त्याचं म्हणणं सरळ होतं. "लहान घ्याल तर चढावर दम टाकील. मोठा घ्याल तर आपल्या वाटेत मावायचा नाय. मधलाच बघायचा."

पहिला मधला निघाला धाटावजवळ, कारखान्यात शिफ्ट करणाऱ्या दाजी नावाच्या गृहस्थांकडे. दाजींनी ट्रॅक्टर धुऊन, पुसून, वर झेंडूचा हार घालून उभा केला होता. गिरजाबाईने एक फेरी मारली.

"धुतलाय कशाला?"

"तुमी येनार म्हनून, मावशी."

"आमी काय तुजी पोरगी बघायला आलो?"

पोपटला इंजिनाला हातसुद्धा लावू दिला नाही. परतताना एसटीत म्हणाली, "माज्या बापानं शिंगं रंगवलेला बैल आनला व्हता बाजारातून. दोन दिवसांत लंगडला."

दुसरा ट्रॅक्टर वडखळच्या पुढे, खाडीकडच्या गावात. मालक काळुराम. ट्रॅक्टर खालून वरपर्यंत चिखलाने माखलेला. गिरजाबाईचा चेहरा उजळला. काळुराम लाजून बादली घेऊन धावला.

"थांबा, पानी मारतो, मंग बघा."

"नको. हाय तसाच दाव."

"अवो, दिसत नाय काय त्यात."

"आमाला दिसतंय ते पुरे हाय. हा राबलाय."

पोपटने चालू केला. पहिल्या झटक्यात लागला, धूर पण फारसा नाही. क्लच ठीक, लिफ्ट वर गेली, खाली आली. मग तो मागच्या बाजूला, ट्रॉली जोडतात तिथे वाकला आणि पान्याने ठोकून बघितलं. चिखलावर चिखलाचाच आवाज आला.

"हितलं जरा खरवडून बघू काय?"

"पोपट, रंग नाय घ्यायचा आपल्याला, ट्रॅक्टर घ्यायचा हाय."

तिथेच नारळ फुटला.

आता आमच्याकडचा चिखल म्हणजे भातखाचरातला. वाळला की गळून पडतो, कुणाचं काही बिघडवत नाही. खाडीकडच्या चिखलात मीठ. तो ओल धरून बसतो आणि लोखंड खातो. तिकडे खारेपाटात, खाऱ्या जमिनीच्या पट्ट्यात, हे शेंबड्या पोराला ठाऊक. आमच्याकडे चिखल म्हणजे कष्ट, आणि कष्ट म्हणजे खात्री.

दिवाळीनंतर पहिली ट्रॉली भरली. उतारावर ठीक आली. ओढ्यात उतरली. पलीकडच्या चढावर ट्रॅक्टरने जोर लावला आणि मागे कडाड वाजलं. ट्रॅक्टर वर गेला, ट्रॉली मागे घरंगळत ओढ्यात जाऊन कलंडली. कुणाला लागलं नाही. पोपट उतरून मागे आला. ट्रॉली जोडायच्या जागचं लोखंड बिस्किटासारखं मोडलं होतं.

सडकेवरून ट्रकवाला हॉर्न वाजवत होता. सगळ्या बायका अख्ख्या वळून गिरजाबाईकडे बघू लागल्या. त्यापेक्षा शिव्या दिल्या असत्या तर तिला सोयीचं झालं असतं. तिने पदराची चुंबळ केली आणि म्हणाली, "ठेव गो मैना, माज्या डोक्यावर."

"बघून घेतला व्हतास ना?" मैना भारा ठेवता ठेवता म्हणाली. पण दुसरा तिने स्वतःच्या डोक्यावर घेतला. सांजेपर्यंत ट्रक भरला.

दुसऱ्या दिवशी रोह्याहून वेल्डिंगवाला आणला. सगळा चिखल धुऊन काढला, खाली जाड पट्टी बसवली. त्यानंतर भारा कुणाच्या डोक्यावर चढला नाही. ट्रॅक्टर पुष्कळ वर्षं चालला. पण तेवढा एक दिवस गिरजाबाईच्या घशात अडकून राहिला. एकदा आमच्या ओटीवर येऊन म्हणाली, "बाई, पेनवरनं गाडी बदलून खाडीकडं जायाचं. त्या काळुरामला जाब विचारायचा."

"अगं, तो धुवायलाच निघाला होता. तूच नको म्हणालीस."

"मी नको म्हनले, म्हनून त्यानं ऐकायचं? तुमी चला. शिकलेल्या हाव, तुमी सुरुवात करा. फुडचं मी बघते."

होळीनंतर जायचं ठरलं. मग वाल झोडायचे निघाले, मग पाऊस आला, मग माझ्या डोळ्याचं ऑपरेशन. एकदा दोघी पेणच्या स्टँडवर उतरलोदेखील. काळुरामच्या गावाकडची एसटी नुकतीच गेली होती. भजी खाल्ली आणि परत आलो. काळुरामला अजून कोणी काही विचारलेलं नाही.