कौशल्याबाईनं शपथ घेतली नाही

दिघोरीच्या पलीकडे एक गाव आहे. तिथल्या कौशल्याबाईच्या पोटात काही राहत नाही, असं सगळे म्हणतात, आणि ते खोटं नाही. कोणाची सून माहेरी रुसून गेली, कोणाच्या वरणात मीठ पडायचं राहिलं, हे सगळं तिच्याकडून मोबाइलच्या आधी पोचतं. धानाची रोवणी करणाऱ्या सोळा बायांच्या टोळीची ती म्होरकी. चिखलात वाकून पऱ्हे, म्हणजे धानाची रोपं, लावताना हातापेक्षा तोंड जास्त चालतं. पण मत कोणाला दिलं, एवढं मात्र तिच्याकडून आजवर कोणाला काढता आलेलं नाही.

लग्नानंतरच्या पहिल्या मतदानाहून परतताना नवऱ्यानं, जागेश्वरनं, विचारून पाहिलं होतं, "कोनाले देलं वं?"

"अजी, तुमाले सांगाचंच असतं त तिथं आडोसा कायले लावला असता?"

जागेश्वर तेव्हा जो गप्प झाला, तो पस्तीस वर्षं गप्पच आहे. तसा तो इतर बाबतींतही गप्पच असतो. या घरात त्याला मधे बोलायला जागाच कुठे मिळते?

गेल्या जूनमध्ये ग्रामपंचायतीच्या एका वॉर्डात पोटनिवडणूक लागली. उभा राहिला कौशल्याबाईचाच धाकटा दीर, राजकुमार. गावातला एकमेव ट्रॅक्टर त्याचा. प्रचार कशाला करायचा? घरची मतं धरली, ट्रॅक्टर लागणाऱ्यांची मतं धरली आणि पेढ्यांची ऑर्डर देऊन टाकली. पडला. तोही एका मतानं! हलवाई पेढे परत घेईना, म्हणून घरच्यांनी तीन दिवस ते पडल्या चेहऱ्यानं खाल्ले.

चौथ्या दिवशी राजकुमारनं टोळीतल्या बायांना मातामायच्या ठाण्यापाशी बोलावलं. मूठभर तांदूळ घ्यायचे आणि देवीपुढे सांगायचं, मी मत राजकुमारलाच दिलं. जी सांगणार नाही, तिच्या बांधीत, म्हणजे धानाच्या खाचरात, चिखलणीला ट्रॅक्टर येणार नाही. आणि सुरुवात वहिनीपासून. घरच्या बाईनं शपथ घेतली की बाकीच्यांना पळवाट नाही, एवढी अक्कल पडलेल्या उमेदवारालाही असते.

कौशल्याबाईचे पऱ्हे तयार होते. आठवडाभरात रोवले नाहीत तर वाढून वाया जाणार. तांदूळ हातात घेऊन तिनं मागे पाहिलं. आनंदाबाई पदर दातात धरून उभी होती. तिचा मुलगा राजकुमारचाच ट्रॅक्टर चालवायचा. तिच्या मुठीतून तांदूळ सांडत होते. कौशल्याबाई समजायचं ते समजली. आपण दोन शब्द बोललो की आपण सुटू, पण मग हिची पाळी येईल.

तिनं मुकाट्यानं तांदूळ देवीच्या पायाशी वाहिले, नमस्कार केला आणि वळली.

"वहिनी, बोल ना!"

"काय बोलू? मतदान झालं, मोजनी झाली, तुमी पडले. आता मातामायले मोजनीले बसवता का?"

"म्हनजे तूच देलं नाही!"

"देलं असन, नसनही देलं. मत माहं होतं, भाऊजी."

"मंग टॅक्टर भेटनार नाही."

"नोका देऊ."

मागच्या पंधराजणींनी एकामागून एक तसेच तांदूळ वाहिले. आनंदाबाईनं नमस्कार दोनदा केला. एक देवीला; दुसरा कोणाला, यावर गावात अजून वाद आहे.

सोळाही जणींना नाकारलं तर भाडंच बुडणार, म्हणून राजकुमारनं ट्रॅक्टर अडवला तो वहिनीचाच. मग जागेश्वरनं सासुरवाडीहून हेल्यांची जोडी मागून आणली. ट्रॅक्टरनं दोन तासांत झाली असती ती चिखलणी रेड्यांनी चार दिवस चालली. पाहणारे धुऱ्यावर, शेताच्या बांधावर, उभे राहून हसले. पाचव्या दिवशी सगळी टोळी तिच्या बांधीत उतरली आणि दिवस मावळायच्या आत हिरवीगार करून निघाली. कौशल्याबाई त्या संध्याकाळी गावातून अशी चालली, जणू निवडणूक तीच जिंकली होती.

राजकुमारच्या रोवणीचा दिवस आधीच ठरलेला होता. आता बाया येतात की नाही, या धाकानं तो दहादा रस्त्याकडे पाहत होता. सोळाच्या सोळा आल्या. तो धुऱ्यावर घुटमळला.

"वहिनी, पुढच्या वर्षी मोठी निवडनूक हाय. उभा राहू का?"

"राहा ना! पर यंदा एकीच्याही दारात आले नाही तुमी. मत मागाले हात जोडा लागते."

"घरच्या मानसालेही?"

"घरच्याले पहिले."

राजकुमारनं चपला काढल्या, पँट वर केली आणि घोटाभर चिखलात उतरून खरोखरच हात जोडले. बाया पदरात तोंड लपवून खुसखुसल्या. त्याच्यासमोर कधी ब्र न काढणारी आनंदाबाई तेवढी सरळ उभी राहिली, आणि पऱ्ह्यांची जुडी हातातच धरून म्हणाली, "पाहू."