आसामचा वेत

माझ्या सासऱ्यांच्या मते खुर्ची म्हणजे सागवानी खुर्ची. बाकी सगळी नुसती टेकायची सोय. उभा जन्म फॅक्टरीत, तपासणी खात्यात गेल्यामुळे त्यांना कुठलीही वस्तू बोटाच्या पेराने ठोकून बघायची सवय होती. बाजारात प्लास्टिकची खुर्ची दिसली की ते तिला दोनदा ठोकत, कान देऊन आवाज ऐकत आणि दुकानदाराच्या तोंडावर निकाल देत, "ये तो बाल्टी है, भैया. बाल्टी पे आदमी बैठता है क्या?"

आमच्या घरातल्या सागवानी खुर्च्या अशा की एक उचलायला दोघं लागावीत. सासऱ्यांची खुर्ची अंगणात कायमची मांडलेली होती. सासूबाईंचे गुडघे धरायला लागले, त्यांना पायरीवर बसवेना, आणि संध्याकाळी त्या आत, खिडकीजवळच्या पलंगावर बसू लागल्या. दोघांच्या गप्पा खिडकीच्या जाळीतून चालत. सासऱ्यांना त्यात काही वावगं वाटत नव्हतं. आवाज तर येत होता ना!

एका संध्याकाळी सासूबाई मला म्हणाल्या, "मी काय जेलमध्ये बसून राहिले का गं? हे तिकडून भेटायला आल्यासारखे बोलतात. चल, आपल्या गोरखपूर मोहल्ल्याच्या बाजारात जाऊ."

दुकानात त्यांनी साध्या खुर्च्यांकडे पाहिलंही नाही. थेट एका तपकिरी, विणलेल्या खुर्चीपाशी गेल्या. लांबून कोणीही शपथेवर वेताचीच म्हटलं असतं. दुकानदार सांगू लागला, "माताजी, प्लास्टिक की बुनाई है. धूप-पानी, कुछ नहीं बिगाड़ेगा." सासूबाईंनी ती एका हाताने उचलली. मग दुसऱ्या हाताने उचलली. मग उगीचच दुकानात इकडून तिकडे नेऊन ठेवली. त्यांच्या चेहऱ्यावर शाळा सुटल्यावरचा आनंद होता. "दोन द्या," त्या म्हणाल्या.

रिक्षातून उतरताना त्यांनी माझ्या कानात सांगितलं, "वेत म्हणायचं. आसामचा."

"आसामचाच काहून, आई?"

"दूर आहे. विचारायला कोण जाते?"

सासरे अंगणातच होते. त्यांनी खुर्ची ठोकायला बोट उगारलं, पण विणीवर ठोकलं तरी आवाज काय येणार? बोट नुसतं आत गेलं आणि परत आलं. ते विचारात पडले.

"कुठला वेत?"

"आसामचा," आम्ही दोघी एका सुरात म्हणालो. जरा जास्तच एका सुरात.

ते बसले. पाठ टेकली. थोड्या वेळाने म्हणाले, "याला म्हणतात वस्तू. झाड शेवटी झाडच. बघ, श्वास घेते पाठ."

तिथून पुढे विचारू नका. येणाऱ्या-जाणाऱ्याला वेतावर व्याख्यान सुरू झालं. वेत कसा वाकतो, कसा बोलतो, माणसाच्या अंगाचा आकार कसा लक्षात ठेवतो. सासूबाई आता शेजारच्या खुर्चीत, मोकळ्या अंगणात बसत आणि अगदी गंभीर चेहऱ्याने मान डोलावत. मला मात्र चहा आणायच्या निमित्ताने आत पळावं लागे.

मग एका रविवारी सासऱ्यांनी जवसाचं तेल आणलं. वेताला तेल पाजावं लागतं म्हणे. त्यांनी फडक्याने दोन्ही खुर्च्या मन लावून चोळल्या आणि उन्हात ठेवल्या. तेल जिथल्या तिथे. "पीतच नाही," ते कौतुकाने म्हणाले, "किती पक्का माल असेल!" संध्याकाळी उठले तेव्हा पांढऱ्या सदऱ्याच्या पाठीवर तेलाची सुरेख चटई उमटलेली. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेल, पुन्हा चटई. सासूबाई मोरीत सदरे घासत बसायच्या आणि मी दिसले की दटावायच्या, "हसू नको. तुझ्या पाठीवर पण उमटवीन."

हे असंच चाललं असतं, पण माझ्या नणंदेची मुलगी सुट्टीत आली. ती फर्निचरचं डिझाइन शिकते. तिला मराठी सगळं कळतं, बोलताना मात्र गाडी हिंदीत जाते. आजोबांनी तिला खुर्चीत बसवून आसामचं जंगल सुरू केलं. तिने हात मागे नेला, वीण चाचपली आणि खऱ्या कौतुकाने म्हणाली, "आजोबा, ये तो बहुत बढ़िया प्लास्टिक है!"

सासूबाई एकदम पदराशी खेळू लागल्या.

सासरे उठले. आत जाऊन काडेपेटी घेऊन आले. खुर्ची उलटी केली, खालून निघालेल्या एका टोकाला काडी लावली. टोक वितळलं आणि काळा थेंब टपकन फरशीवर पडला. वासाने सगळं सांगितलं. तपासणी पूर्ण झाली.

"काहून केलं हे?" त्यांनी सासूबाईंना विचारलं.

"तुमचं सिंहासन मला उचलवत नव्हतं," त्या म्हणाल्या. "आत एकटी बसून कंटाळली होती मी. आणि बादलीवर तुम्ही बसू दिलं नसतं."

सासरे खिडकीच्या जाळीकडे पाहत राहिले. मग पलीकडच्या पलंगाकडे. तो तिथून किती अंधारा दिसतो, हे त्यांनी बहुधा पहिल्यांदाच पाहिलं.

"मला सांगायचं ना," ते हळू म्हणाले.

"सांगितलं होतं. जाळीतून ऐकू नसेल आलं."

नातीला वाटलं, आपण भांडण लावलं. तिने घाईघाईने फोनवर जुन्या खुर्च्यांचे फोटो शोधून दाखवले. एकाच साच्यातून निघालेल्या, नारंगी, पिवळ्या, मिरवणाऱ्या. ती सांगू लागली की परदेशात पूर्वी लोकांनी प्लास्टिकला लाकडाची नक्कल करू न देता त्याचंच रूप दिलं, आणि त्या खुर्च्या आता संग्रहालयांत आहेत. सासऱ्यांनी चष्मा लावून एकेक फोटो पाहिला. "हां. ही लपत तर नाही," ते म्हणाले आणि आम्हा दोघींकडे असं पाहिलं की मी चहा ठेवायला पळाले.

दुसऱ्या दिवशी ते सासूबाईंना घेऊन बडा फुहाऱ्याच्या बाजारात गेले. मीही मागे होतेच, ही संधी कोण सोडणार? सासूबाईंनी दुकानातल्या सगळ्या खुर्च्यांवर बसून पाहिलं आणि पोपटी रंगाची, हातवाली, अख्खी प्लास्टिकची खुर्ची निवडली. सासऱ्यांनी बोट उगारलं, थांबले, ठोकलं नाही. गर्दीत रिक्षा आत येईना, म्हणून खुर्ची उलटी करून स्वतःच्या डोक्यावर घेतली आणि भर बाजारातून निघाले.

कापडाच्या दुकानासमोर त्यांच्या हाताखाली काम केलेले एक गृहस्थ भेटले. डोळे विस्फारून म्हणाले, "साहब, आप? और ये?"

खुर्चीच्या पायांमधून सासऱ्यांनी मान ताठ केली.

"प्लास्टिक है," ते म्हणाले. "एकदम असली."