योद्ध्याला पथ्य

लेखनाचे धारिष्ट्य करते आहे, त्याबद्दल आधीच क्षमा मागते. आजवर माझे लिखाण दोन-तीन परीक्षकांनीच वाचले, तेही नाइलाजाने. पण माझ्या नियमामुळे एक योद्धा भर टेबलावर मेला. त्याची हकीकत कुणीतरी नीट सांगायला हवी.

लखनौच्या एका संशोधन संस्थेत तीस वर्षे मी औषधांची विषाक्तता तपासली. निवृत्तीनंतर गोमती नगरातल्या एका कंपनीने मला सल्लागार नेमले. ही कंपनी टेबलटॉप गेम्स बनवते. टेबलाभोवती चार-पाच जण बसतात. एक जण गोष्ट सांगतो, बाकीचे योद्धा, जादूगार वगैरे होतात, आणि काय घडले ते फासे ठरवतात. प्रत्येकाचे ‘हिट पॉइंट्स’ असतात, म्हणजे अंगात उरलेला जीव. तो भरून देणारा तो ‘हीलर’. भरून देण्याचे नियम लिहिणे हे माझे काम.

मी एकोणीस पाने लिहिली. मात्रा अर्थातच शरीराच्या वजनानुसार.

पहिल्या प्लेटेस्टला, म्हणजे छपाईपूर्वीच्या चाचणीला, कंपनीचे प्रमुख अंकित योद्धा झाले. चित्रे काढणारी रुबीना हीलर. ड्रॅगनने योद्ध्याला फाडले. रुबीनाने माझा तक्ता उघडला.

“सर, वजन?”

“मेरा?”

“कॅरेक्टर का. कवच के साथ या बिना?”

ती भागाकार करत असताना ड्रॅगनची पाळी आली. तो थांबला नाही.

“मॅम, ये गेम है, आपकी लॅब नहीं,” मेलेले अंकित म्हणाले. “एक बोतल, पूरा ठीक. सिंपल!”

दुसऱ्या दिवशी त्यांचा नियम खेळलो. कुणी मेले नाही. कुणी घाबरलेही नाही. योद्धा ड्रॅगनच्या जबड्यात मजेत जाऊन येई आणि ओरडे, “हीलर! बोतल!” दोन तास रुबीनाने बाटल्या देण्यापलीकडे काहीही केले नाही.

चहाच्या वेळी मी विचारले, “बोर हुई?”

“घर पर भी यही करती हूँ, मॅम. वहाँ अब्बू कम से कम शुक्रिया कह देते हैं.” कप ठेवत ती म्हणाली, “हर बार मुझे ही हीलर बनाते हैं. बोतल वाला रूल छपा, तो मैं आगे नहीं खेलूँगी.”

फाइल शुक्रवारी संध्याकाळी छपाईला जायची होती.

औषधांच्या सहवासात मला एवढेच नक्की कळले होते: गोळी सगळे घेतात, पथ्य कुणी पाळत नाही. आमचे उंदीर पाळत, कारण त्यांना विचारत कोण होते? मी एकोणीस पाने फाडली आणि तीन वाक्ये लिहिली. एका बाटलीत पूर्ण उपचार होईल. मात्र हीलर सांगेल ते एक पथ्य पुढच्या दोन फेऱ्या पाळावे. मोडल्यास मिळालेले सर्व पॉइंट्स परत जातील.

“परहेज? ड्रॅगन के सामने परहेज?” अंकित हसले.

“एक बार खेलकर देखिए,” मी म्हणाले. मीटिंगमध्ये इतके लांब वाक्य मी पूर्वी बोलले नव्हते.

शुक्रवारी सकाळी योद्धा नेहमीप्रमाणे आडवा झाला. “हीलर! बोतल!”

रुबीनाने बाटली हातातच धरली. “लीजिए, सर. परहेज ये है कि दो राउंड चिल्लाना नहीं है.”

अंकितनी मान डोलावली. ड्रॅगन जादूगाराकडे वळला.

“अरे बाएँ! बाएँ मारो!”

रुबीनाने शांतपणे हात पुढे केला. “पॉइंट्स वापस, सर.”

योद्धा दुसऱ्यांदा मेला. या वेळी दोष माझा नव्हता. थोड्या वेळाने भाजलेला जादूगार खालच्या आवाजात म्हणाला, “रुबीना जी, थोड़ी-सी दवा मिलेगी?” या टेबलावर हीलरला ‘जी’ लागलेले मी प्रथमच ऐकले.

नियम छापला गेला. पुस्तकात ‘संकल्पना: अंकित’ असे आहे. माझे नाव आभारांत आहे, ऑफिसच्या कॉफी मशीनच्या लगेच वर. अंकित आता दर खेळात स्वतःच हीलर होतात आणि पथ्ये फार लांबलचक सांगतात. रुबीना तलवार चालवते.

उपचाराचे नियम बाटली देणाऱ्याच्या खुर्चीत बसून लिहावेत, एवढे शिकायला मला एकोणीस पाने लागली.

आपण शेवटचे औषध घेतलेत, तेव्हा सांगितलेले पथ्य पाळले होते का?