मामांचा टेपरेकॉर्डर

गप्प बसणं हा गुन्हा ठरला, तर अख्ख्या नागपुरात माझ्या बायकोचे मामा तेवढे निर्दोष सुटतील, अशी माझी खात्री होती. इतवारीच्या भांडीबाजारात पितळी गंज घ्यायला गेले की आधी दुकानदाराला त्याच्या आजोबांचं गाव विचारणार, मग गंज उलटा करून तो कुणी ठोकला ते विचारणार, आणि काहीही न घेता तृप्त होऊन परतणार. पंक्चर काढणाऱ्याला तर ते इतके प्रश्न विचारत, की तो बिचारा ट्यूबमधलं भोकच विसरून जाई. अशा माणसाला निवृत्तीनंतर भाच्याने टेपरेकॉर्डर दिला. आता मामा भजनं ऐकतील, असं आम्हाला वाटलं. मामा मात्र तो पिशवीत घालून रेल्वेलाइनीपलीकडच्या सफाई कामगारांच्या वस्तीत गेले आणि तिथल्या पोरींना त्याची बटणं शिकवू लागले. त्या वस्तीत नळ होता, पाणी नव्हतं. सरकारी कागदावर मात्र ते धो धो वाहत होतं, आणि बायका मैलभरावरून हंडे आणत होत्या.

"पण मामा, टेप कशाला?" मी विचारलं.

"जावईबापू, त्याइचे अर्ज कोणी वाचून नाही राहिलं. आवाज तं ऐकतीन!"

पण पहिल्या चारही कॅसेटींवर आवाज निघाला तो मामांचाच. वस्तीतल्या एका म्हातारीने तोंड उघडायचा अवकाश, की मामा मध्येच, "बोल वं माय, घाबरू नको, माहेर कोणतं तुझं?" तिचं माहेर काटोलचं, तिथली संत्री गोड, हे सगळं टेपवर आलं, पाणी तेवढं राहून गेलं. शेवटी सुमनने, म्हणजे ज्या सतरा वर्षांच्या मुलीला सगळ्यात आधी बटणं जमली तिने, त्यांना सुनावलं, "मामाजी, तुम्ही शिकवून राहिले का बोलून राहिले? साहेब तुमचं काहून ऐकन? हाल तं आमचे होऊन राहिले."

मामांनी टेप तिच्या हातात दिला. कोऱ्या कॅसेटी सहजी मिळत नसत, म्हणून त्याच पुसून पोरींनी पुन्हा भरल्या. मामा शेजारी तोंडात सुपारी धरून बसत.

मग पोरी पाणी खात्याच्या साहेबांकडे गेल्या. साहेब म्हणाले, "वस्तीत पाणी आहे." सुमनने टेबलावर टेप ठेवून बटण दाबलं. आधी नळाची कोरडी फुसफुस, मग एकेक बाई, आपलं नाव सांगून, आपल्या हंड्याबद्दल बोलत गेली. साहेबांनी हातातला चहा खाली ठेवला. पंधरा दिवसांत नळाला पाणी आलं.

पुढे मामा गेले. तेराव्याला बायको म्हणाली, त्यांचा आवाज ऐकायचाय. सुमनने सगळ्या कॅसेटी आणल्या. त्यांवर अख्खी वस्ती बोलत होती, मामा तेवढे कुठेच नव्हते. शेवटच्या कॅसेटवर पाणी आलं तो दिवस होता. हंड्यात पडणारी धार, बायकांचा गलका, आणि अगदी मागे कुणीतरी घसा खाकरून गप्प बसलेलं.

"हेच मामाजी," सुमन डोळे पुसत म्हणाली. "काहीतरी विचाराचं होतं त्याइले."

काय विचारायचं होतं, ते आता कोण सांगणार? सुमनने कॅसेट थोडी मागे फिरवली, आणि आम्ही ते खाकरणं पुन्हा ऐकलं.