बनियनवरची गाठ

लग्नाच्या हॉलमध्ये एका गृहस्थांनी टाय आधी स्वतःच्या गळ्यात बांधला, गाठ सैल करून डोक्यावरून काढला आणि नवरदेवाच्या गळ्यात घातला. मला बाबा आठवले. समोरच्याच्या गळ्यात टाय बांधणं त्यांनाही कधी जमलं नाही. दुसऱ्याला सजवायचं तर आधी स्वतःच्या गळ्यावर माप घ्यायचं, ही टायचीच गंमत.

माझ्या पहिल्या मुलाखतीच्या सकाळी त्यांनी माझा टाय असाच आपल्या बनियनवर बांधला होता.

"आता शिकून घे रे," ते म्हणाले.

"तुम्ही आहात की!"

पुढे ती गाठ मी कधी सोडवलीच नाही. सैल करायची, खुंटीला अडकवायची, गरज पडली की पुन्हा डोक्यातून घालायची. बाबा गेले, तरी गाठ होती.

मागच्या महिन्यात टाय चुकून कोटाबरोबर इस्त्रीला गेला. परत देताना इस्त्रीवाले काका खुशीत होते.

"गाठ भलतीच घट्ट बसली होती. पण नखाने हळूहळू सोडवली, कापडाला काही होऊ दिलं नाही."

"छान केलंत," मी म्हणालो.

घरी येऊन उजेडात धरून निदान गाठीची सुरकुती तरी दिसते का, ते पाहिलं. काकांनी तीही ठेवली नव्हती.