रिकामी फिरलेली गिरणी

हे माझ्या नवऱ्याला माहीत नाही. लेकीला नाही. तुळजापूरला दरवर्षी जाते, देवीसमोर उभी राहते — तिथंही तोंडातून निघालं नाही. तुम्हाला सांगते, कारण तुम्ही माझे कुणी लागत नाही.

मी पोलीस पाटील आहे. ढोकीच्या पलीकडं, उसाच्या पट्ट्यात आमचं गाव. घरची पिठाची गिरणी आहे, तीही मीच चालवते. गावात मारामारी झाली, विहिरीत प्रेत दिसलं, की ठाण्याला कळवायचं आणि पोलीस येईपर्यंत माणसं आवरायची, हे माझं काम. आवरायची — शब्द सोपा आहे. आमच्याकडं ऊसतोडीचा कोयता घराघरात असतो आणि हंगामात त्याला रोज धार लागते. मी फुटलेली डोकी बघितलीत. बाईला केसाला धरून वेशीपर्यंत ओढत नेलेलं बघितलंय. सख्ख्या भावानं भावाच्या पायावर दगड घातला, ते हाड मोडल्याचा आवाज ऐकलाय. पण हे सगळं नंतर, किंवा लांबून. हातात हत्यार असलेल्या माणसासमोर मी कधी उभी राहिले होते का? नाही.

किसनतात्या राहिले होते. माझ्याआधी पोलीस पाटील तेच. उभे नाही — बसायचे. दोन माणसं एकमेकांच्या नरड्याला लागलेली असायची आणि हा माणूस मधोमध जमिनीवर फतकल घालून चंची सोडायचा, तंबाखूला चुना लावायचा, मळत बसायचा. मला एकदा म्हणाले होते, "उभ्या माणसावर हात लगीच उठतो, बाई. बसलेल्यावर उठाया इचार करावा लागतो. तेवढ्यात निम्मा राग उतरतो."

मला ते तेव्हा थोतांड वाटलं होतं.

पोलीस पाटलाला साठ वर्षांची मर्यादा आहे. तात्यांची साठी आली तेव्हा गावानं ग्रामसभेत विषय काढला, त्यांना अजून काही वर्षं राहू द्या, तसा अर्ज वर पाठवू. मी उठले. मला ती जागा हवी होती, लपवत नाही. म्हणाले, मास्तराला वय आहे, शिपायाला वय आहे, मग पाटलालाच का नको? साठ झाली की उठायचं. म्हाताऱ्यांनी देवळाच्या ओट्यावर बसावं, कारभारात लुडबुड करू नये.

लोक हसले. तात्याही हसले. "खरं हाय तिचं," म्हणाले आणि तंबाखूची चिमूट दाढेखाली धरली.

नियमाबद्दल मला आजही तेच वाटतं. पण ती 'लुडबुड' — तो शब्द लोकांनी उचलला. पोरंटोरं तात्यांना बघून म्हणायची, आला ओटा. मी ऐकायची. थांबवलं का? कशाला थांबवू, मला सोयीचंच होतं.

मग ती दुपार. शिवा आणि बालाजी, चुलतभाऊ. त्यांच्या उसाच्या दोन फडांमधला बांध शिवानं नांगरला, असं बालाजीचं म्हणणं. मी गिरणीत होते. शिवाची बायको पळत आली, पदराचं भान नाही. "बाई, चला की लवकर! कापाकापी व्हायलीय तिथं!"

"तू हो पुढं," मी म्हणाले, "आलेच मी."

ती गेली. मी गिरणी बंद केली. फड लांब नाही — ओढा ओलांडला की आला. आरडाओरडा माझ्या कानावर येत होता. मी चप्पल पायात घातली. आणि तिथंच थांबले. कारण? मला कोयत्याची भीती वाटली. एवढंच कारण आहे, दुसरं शोधू नका. ठाण्याला कळवलं की ते म्हणणार, आम्ही येईपर्यंत तुम्ही तिथं जाऊन थांबा, हे कळत होतं — म्हणून ठाण्याला फोन केला नाही. तात्यांना केला.

"तात्या, तुमचं ऐकतील ते. जरा जाऊन या."

"आरं तिच्या! मला तर ओट्यावर बसिवलंय न्हवं तुमी?" हसत होते. मग म्हणाले, "बरं, पाटलीणबाई. पायताण घालतो आन् निघतो."

फोन ठेवला. आता हे नीट सांगते. मी गिरणी परत सुरू केली. दळण कुणाचंच नव्हतं. पाळूत, म्हणजे दळायच्या दगडांत, दाणा नव्हता. गिरणीवाल्याला हे सांगावं लागत नाही — रिकामी फिरवली की दगड दगडाला खातो. मला माहीत होतं. तरी चालू ठेवली, म्हणजे फडातला आवाज येऊ नये. जळका वास सुटला तरी बंद केली नाही. कुणीतरी दारात येऊन दोन्ही हात हलवायला लागलं, तेव्हा बटण बंद केलं. आणि मग ठाण्याला कळवलं.

काय झालं ते तिथल्या लोकांनी सांगितलं. तात्या दोघांच्या मधे बांधावर बसले. चंची सोडली. बालाजी कोयता परजून म्हणाला, "उठ म्हाताऱ्या. साठ झाली तुझी. तुजा काय संबंध? लुडबुड करू नगं, ओट्यावर जा." शब्दन् शब्द माझा. तात्या मळत राहिले. चिमूट द्यायला म्हणून उजवा हात त्याच्यापुढं केला — "धर, आदी खा" — आणि त्यानं हाणला. उभे असते तर मागं तरी सरकले असते.

मी पोचले तेव्हा शिवा बालाजीच्या छातीवर बसून कुदळीच्या दांड्यानं त्याचं तोंड ठेचत होता. दात मातीत पडले होते. चारपाच जणांनी ओढला तरी दांडा खाली येतच होता, ओल्या पोत्यावर मारल्यासारखा आवाज. बालाजीचा एक डोळा त्या दिवशी गेला. आणि तात्या? जागचे हलले नव्हते. मनगट धोतरात गच्च धरून बसले होते. धोतर काळंलाल झालेलं. अंगठा आणि शेजारची दोन बोटं पाचटात पडली होती, त्यांना अजून चुना लागलेला होता.

सगळं गाव जमलेलं. सगळ्यांनी माझ्याकडं बघितलं. मी पहिलं वाक्य काय बोलले असेन?

"तात्या, कुणी सांगितलं होतं तुम्हाला मधे पडायला?"

असं. मोठ्यानं, सगळ्यांना ऐकू जाईल असं. आणि सगळ्यांना पटलं. का नाही पटणार? ग्रामसभेत त्यांना घरी बसवणारी मीच. मी त्यांना बोलावीन, असं कुणाच्या स्वप्नात तरी येईल का? मी उडवलेली टर माझ्या उपयोगी पडली. माणसं माना हलवून म्हणाली, पद गेलं तरी खोड जात नाही बघा. बालाजीच्या आईनं तर बोटं मोडली — या म्हाताऱ्यानं मधे तडमडून माझ्या लेकाला आंधळं केलं.

तात्यांनी मान वर केली. माझ्याकडं बघितलं.

धाराशिवच्या दवाखान्यात जमादार जबाब घ्यायला आला. मी पलंगाच्या पायथ्याशी उभी होते, पोलीस पाटील म्हणून. तात्यांच्या हाताला गाठोड्यासारखं बँडेज, तोंड पांढरं पडलेलं. जमादारानं विचारलं, "तुमी तर रिटायर झालेले. मग तिथं कशाला गेला? कुणी बोलावलं होतं?"

तात्या छताकडं बघत होते.

"कुणी न्हाय," म्हणाले. "सवय."

जमादार माझ्याकडं वळला. तो क्षण माझा होता. माझ्या हातापायाला काही झालं नव्हतं, जीभ शाबूत होती, खोलीत आम्ही तिघंच होतो.

"तसंच आहे, साहेब," मी म्हणाले. "खोडच आहे त्यांना."

त्यानं लिहून घेतलं आणि गेला. तात्यांनी पाणी मागितलं. उजवा हात उचलायला गेले आणि थांबले. मग भांडं मीच त्यांच्या तोंडाला लावलं. ते सगळं पाणी प्यायले.