रविवारचा डाव आणि आईचा पायगुण

जालन्यात बियाण्यांच्या कंपन्या काही कमी नाहीत. त्यातल्याच एकीच्या प्रयोगशाळेत सुयश बियांची उगवण तपासायचा. ओल्या कागदावर बिया मांडायच्या, कागद गुंडाळून उबेत ठेवायचा आणि काही दिवसांनी उलगडून कोंब मोजायचे. काम शांत, माणूसही शांत. रविवारी दुपारचं जेवण झालं की मात्र तो आतल्या खोलीत लॅपटॉप उघडून पोकर खेळायला बसायचा. पैशाचे हे ऑनलाइन खेळ तेव्हा अजून बंद झाले नव्हते.

पोकर म्हटलं की लोकांना घरदार विकून बसलेला माणूसच दिसतो. सुयश तसला नव्हता. तो स्पर्धा खेळायचा. एकदाच ठरलेली फी भरायची, शेकडो लोक एकदम बसणार, सगळ्यांना सारख्या चिप्स, म्हणजे पैशाऐवजी डावावर लावायच्या चकत्या. ज्याच्या संपल्या तो उठला, आणि शेवटी एकच उरला. म्हणजे भल्याभल्या खेळाडूंनाही बहुतेक रविवारी हरूनच उठावं लागतं, हे यात धरूनच चालायचं. प्रयोगशाळेतला प्रितम नव्यानं खेळायला लागला होता आणि दोन रविवार हरला की तोंड पाडून बसायचा. त्याला सुयश सांगायचा, "चांगल्या बियाण्यात बी एखाद्या वळीत लागोपाठ चार बिया कोंब न येता मुक्याच निघतात का न्हाई? मंग आपण बियाणं फेकून देतो का? पुढचा कागद उलगडायचा." दुसऱ्याला शहाणपण सांगायला काय जातं म्हणा.

कारण हाच सुयश स्वतः हरायला लागला, तेव्हा त्याचं सगळं शहाणपण गुंडाळून उबेत गेलं. नवरात्राच्या सुमाराला हार सुरू झाली आणि थांबेचना. हिवाळा अर्धा सरला तरी एकदाही शेवटी उरलेल्यांच्या टेबलापर्यंत मजल गेली नव्हती. आधी त्यानं आपल्या चुका शोधल्या. काही सापडल्या, त्या सुधारल्या, तरी हार तशीच. चुकून हरलं तर माणूस निदान स्वतःला शिव्या देऊ शकतो. बरोबर खेळून हरलं तर शिव्या द्यायच्या कुणाला? मग त्यानं खुर्चीचं तोंड पूर्वेला केलं. पूर्वी जिंकला होता तेव्हाचा निळा शर्ट रविवारी घालायला लागला. तो शर्ट शनिवारी धुवायला टाकला म्हणून बायकोवर, तृप्तीवर, भडकला. बी.एस्सी. झालेला माणूस, पण लॅपटॉपला उदबत्ती ओवाळण्यापर्यंत आला होता.

आणि दिवाळीनंतर त्याची आई त्याच्याकडे राहायला आली होती.

चांगुणाबाईचं सासर वाटूरचं. लग्न होऊन त्या घरात पाऊल ठेवलं आणि पंधरवड्यात दावणीचा बैल मेला. पुढे सुयश रांगायला लागला तेव्हा नवरा गेला, साध्या तापानं. तिथून सासरच्यांनी तिला पांढऱ्या पायाची ठरवून टाकलं. कुणाच्या हळदीला बोलावणं नाही, ओटी भरायला बोलावणं नाही. तिनं शिलाई मशीनवर परकर शिवून मुलाला शिकवलं. त्याच्यासमोर ती यातलं कधी काही बोलली नाही, पण सुयशनं लहानपणी ओसरीवरून ते शब्द ऐकले होते. एकदा तर त्यावरून त्यानं चुलत्यावर दगड उगारला होता. मोठा झालो की आईला इथून नेणार, हे त्यानं तेव्हाच ठरवलं होतं. जालन्यात दोन खोल्यांचं घर झालं, तिला आणलं, आणि महिनाभर ती इतकी हरखून गेली होती की शेजारच्या बायकांना स्वतःहून हाका मारायची.

हिवाळ्यातल्या अशाच एका रविवारी दुपारपासून सुयशला पानं चांगली पडत होती. शेकडो लोक गळत गळत थोडके उरले आणि त्याच्या हातात एक्क्यांची जोडी आली, जिच्याहून मोठी जोडी नाही. त्यानं सगळ्या चिप्स पुढे सारल्या. समोरच्याकडे गुलामांची जोडी. टेबलावरच्या पाचांपैकी चार पानं उघडली, त्यांत एकही गुलाम नाही. शेवटचं पान उघडायला आणि चांगुणाबाई चहा घेऊन आत यायला एकच गाठ पडली. पान गुलामाचं निघालं, समोरच्याचे तीन गुलाम झाले आणि सुयशच्या चिप्स संपल्या.

सुयश स्क्रीनवरून नजर न काढता म्हणाला, "आई, तू कामून आलीस आत आत्ताच?"

एवढंच. आवाज चढला नव्हता, शिवी नव्हती. चांगुणाबाईनं कप टेबलावर ठेवला आणि ती पदर सावरत बाहेर गेली. चहावर साय धरली तेव्हा कुठे सुयशला कळलं की आपण काय बोललो. तो बाहेर आला. आई गव्हातले खडे वेचत होती.

"आई, मी तसं न्हाई म्हणलो."

"कसं?" ती म्हणाली. "काय म्हणलास तू? मला तर ऐकू बी न्हाई आलं."

पुढच्या रविवारी जेवणं उरकताच ती चप्पल घालून देवळात जाऊन बसली आणि दिवे लागल्यावर आली. सुयश त्या दिवशीही हरला. त्याच्या पुढच्या आठवड्यात तिनं पिशवी भरली. वाटूरचं घर उघडून बघायला पाहिजे, उंदरांनी गोधड्या खाल्ल्या असतील, असं काहीबाही सांगत राहिली. तृप्तीला काहीच कळेना. ती म्हणाली, "आई, थंडी तरी सरू द्या, मंग जा." सुयश बसस्टँडवर सोडायला गेला आणि तिथे त्याच्यानं राहवेना.

"तू येण्याआधीपासून हरून राह्यलो मी. नवरात्रापासून. तुझा काय संबंध त्याच्याशी?"

"नवरात्रात घट बघाया मी आल्ते की तुझ्याकडं," ती शांतपणे म्हणाली. हे तिनं केव्हाच जुळवून ठेवलं होतं.

मग सुयशनं प्रितमला सांगायचा तो सगळा हिशेब तिला सांगितला. चांगल्या बिया, मुक्या बिया, लागोपाठ निघाल्या तरी त्यात कुणाचा दोष नसतो, कोण जवळून गेलं याच्याशी बियांना देणंघेणं नसतं. चांगुणाबाईनं सगळं ऐकून घेतलं.

"बिया तू कागदावर बघतोस, बाळा," ती म्हणाली. "मला पेरणीच्या दिवशी बांधावर बी उभं राहू देत नव्हते." आणि वाटूरवरून जाणारी परतूरची बस लागली म्हणून ती उठली. मुलाच्या पाठीवरून तिनं हात फिरवला नाही. एरवी नेहमी फिरवायची.

दोन रविवार गेले. तिसऱ्या रविवारी सुयश स्पर्धा जिंकला. पहिला आला. विशेष काही वेगळं खेळला नव्हता, उलट एकदोनदा चुकलाच होता, पण पानं पडत गेली आणि समोरचे उठत गेले. स्क्रीनवर त्याचं नाव झळकलं. इतके महिने ज्याची वाट पाहिली ते मिळालं होतं. पण आनंदाच्याही आधी त्याच्या मनात एक वाक्य येऊन गेलं होतं. ते कुणालाही सांगण्यासारखं नव्हतं.

त्यानं लगेच वाटूरला फोन लावला.

"हरलो आई," तो म्हणाला. "लवकरच उठलो आज."

चांगुणाबाई म्हणाली, "बिलकुल जमलं न्हाई?"

"बिलकुल न्हाई."

"म्हंजे मी नसले तरी हरतोस तू?"

"तेच तर सांगून राह्यलो ना तुला."

ती हसली. कितीतरी दिवसांनी हसली. मुलगा हरल्याचं ऐकून आई हसते आणि ते हसू ऐकून मुलाचे डोळे भरून येतात. "मंग येते मी अमावस्या झाल्यावर," ती म्हणाली. "तृप्तीला सांग, लोणचं आणते." सुयशनं फोन ठेवला. बाहेर येऊन त्यानं तृप्तीला जिंकल्याचं सांगितलं. फोनवर काय बोललो, ते सांगायचं मात्र त्याला सुचलं नाही. खोटं बोलायची सवय नसली की असं होतं.

तृप्तीनं दुसऱ्या दिवशी सासूला आनंदानं फोन केला. "आई, हे पहिले आले, सांगितलं का तुम्हाला?"

संध्याकाळी सुयश घरी आला तेव्हा तृप्ती रडवेली होऊन बसली होती; तिनं जिंकल्याचं सांगताच सासूनं फोन ठेवला होता. त्यानं वाटूरला फोन लावला. चांगुणाबाईनं आधी जेवलास का विचारलं. नळाला पाणी येतं का विचारलं. मग म्हणाली, "मला खोटं कामून बोललास?"

"तू परत यावं म्हणून."

"तसं न्हाई, बाळा. तुला ते खरं वाटलं म्हणून लपवलंस. न्हाईतर हसत सांगितलं असतंस."

सुयशला 'न्हाई' म्हणायचं होतं. पण जिंकल्या क्षणी मनात आलेलं ते वाक्य, आई घरात नव्हती म्हणून जमलं, हेच होतं. क्षणभरच आलं होतं आणि त्यानं ते झटकूनही टाकलं होतं, पण आलं होतं. ज्या शब्दांसाठी त्यानं चुलत्यावर दगड उगारला होता, तेच शब्द. चांगुणाबाईनं त्याला फार वेळ अडचणीत ठेवलं नाही. "चालायचंच," म्हणाली, "तू जिंकत राह्य."

त्यानं पोकर सोडलं. लॅपटॉपवरून सगळं काढून टाकलं आणि वाटूरला जाऊन आईसमोर बसून तसं सांगितलं. आता हरायचं नाही, जिंकायचं नाही, आता तरी चल. तिनं ऐकून घेतलं, त्याच्या पाठीवरून हात फिरवला आणि म्हणाली, "इतका आवडीचा खेळ. तो बी माझ्यामुळंच सुटला म्हण की."